पेनड्राइव्ह दर वेळी ‘स्कॅन अँड फिक्स’ मागतो: एक्सफॅटवरची अडकलेली खूण

लक्षण असं. पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड विंडोजच्या लॅपटॉपला लावलं की कोपऱ्यात सूचना येते: या ड्राइव्हमध्ये काहीतरी बिघाड आहे, आत्ताच स्कॅन करून दुरुस्त करा. आपण ती बाजूला सारतो. आतल्या फायली सगळ्या उघडतात, कॉपी होतात, काम होतं. मग शहाण्या माणसासारखं ‘सेफली रिमूव्ह’ करून ड्राइव्ह काढतो. दुसऱ्या दिवशी लावला की परत तीच सूचना.

आमच्या दाजींकडे हे सहा महिने चाललं होतं. त्यांचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा. १२८ जीबीचा एक पेनड्राइव्ह सारखा फिरत असतो: घरच्या लॅपटॉपवरून हॉलच्या टीव्हीवर, तिथून गिऱ्हाइकाच्या घरी आणि परत. घरातला ‘कॉम्प्युटरवाला’ मी, म्हणून तक्रार माझ्याकडे आली. मी काय केलं असेल? पहिल्यांदा म्हटलं, ड्राइव्ह खराब झालाय, नवा घ्या. महिनाभरात नव्यालाही तेच. मी परत म्हटलं, स्वस्तातला घेतला असेल, जरा बरा घ्या. तिसराही तसाच वागायला लागला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की एकामागून एक तीन ड्राइव्ह एकाच पद्धतीने बिघडत नाहीत. दोष ड्राइव्हच्या वाटेवर कुठेतरी आहे.

घाईत असाल तर एवढं करा. आधी आतला सगळा माल दुसरीकडे कॉपी करून घ्या. मग ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. सूचना गेली आणि परत आली नाही तर प्रश्न मिटला. परत आली तर पुढचं वाचा, कारण दुरुस्ती पुन्हा पुन्हा करत बसण्यात अर्थ नाही.

आता ही सूचना येते कशी. मोठे पेनड्राइव्ह आणि ३२ जीबीच्या वरची एसडी कार्डं बहुतेक एक्सफॅट या फाईल सिस्टिममध्ये, म्हणजे फायली मांडून ठेवायच्या पद्धतीत, येतात. या फाईल सिस्टिममध्ये ड्राइव्हच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये (साठवणीच्या सगळ्यात छोट्या कप्प्यात) एक छोटी खूण असते, तिला डर्टी बिट म्हणतात. लिहिण्याचं काम सुरू करण्याआधी यंत्राने ही खूण लावायची आणि काम नीट संपलं की काढायची, असा रिवाज. मध्येच कुणी ड्राइव्ह उपटला किंवा वीज गेली, तर खूण लागलेलीच राहते. पुढचं यंत्र ती पाहतं आणि म्हणतं, मागच्या खेपेला इथे काम अर्धवट सुटलंय, तपासून घ्या. बिघाड झालाच आहे असा त्याचा अर्थ नाही. दरवाजा उघडा राहिला म्हणजे चोरी झालीच असं नसतं, पण आत जाऊन बघावं लागतं.

इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. खरी मेख पुढे आहे. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१९ मध्ये एक्सफॅटचे तांत्रिक नियम सगळ्यांसाठी खुले केले. त्यात या खुणेबद्दल स्पष्ट लिहिलंय: ड्राइव्ह लावतानाच जर खूण लागलेली असेल, तर ती काढायचा अधिकार फक्त तपासणी करून दुरुस्ती करणाऱ्याला आहे, आणि तोही सगळं जागेवर असल्याची खात्री झाल्यावरच. म्हणजे आज तुम्ही कितीही नीट ‘सेफली रिमूव्ह’ केलंत तरी जुनी खूण जाणार नाही. ‘मी तर दर वेळी नीट काढतो’ म्हणणारे दाजी खोटं बोलत नव्हते. एकदा, केव्हातरी, कुणीतरी ड्राइव्ह चुकीचा काढला, आणि त्यानंतरच्या पन्नास वेळच्या नीट काढण्याने काही फरक पडला नाही.

म्हणून काम दोन भागांचं आहे: खूण काढणं, आणि ती लावतंय कोण ते शोधणं. पहिला भाग पाच मिनिटांचा.

कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं तपासणीचं अवजार, आधी नुसता चालवा: chkdsk ही आज्ञा आणि पुढे ड्राइव्हचं अक्षर (जसं E:), बस. मागे तिरकी रेघ आणि एफ (/f) जोडायचा नाही. एफ नसेल तर तो फक्त वाचतो, कशालाही हात लावत नाही. शेवटी काही अडचण सापडली नाही असं म्हणाला तर डोळे मिटून एफ जोडून परत चालवा, खूण निघून जाईल. दाजींच्या ड्राइव्हवर मात्र ओळ आली होती की व्हॉल्यूमचा बिटमॅप तपासताना गडबड आढळली.

हा बिटमॅप म्हणजे लग्नाच्या हॉलवर खोल्यांच्या किल्ल्यांचा जो बोर्ड असतो तसा. कुठली खोली दिलीय, कुठली रिकामी, एवढंच तो सांगतो. एक्सफॅटमध्ये ड्राइव्हवरच्या प्रत्येक क्लस्टरमागे, म्हणजे जागेच्या प्रत्येक ठरावीक तुकड्यामागे, या बोर्डावर एक बिट असतो. काम अर्धवट सुटलं की किल्ली बोर्डावरून गेलेली असते पण खोलीत पाहुणाच नसतो. तशा खोल्या वाया जातात, नुकसान तेवढंच. उलटं झालं, म्हणजे पाहुणा आत आहे आणि किल्ली मात्र बोर्डावर लटकतेय, तर पुढचा माणूस त्याच खोलीत जाऊन झोपतो. फाईलवर फाईल लिहिली जाते ती अशी. म्हणून सूचना दिसत असताना त्या ड्राइव्हवर नवं काही टाकू नये. वाचा खुशाल, लिहू नका.

आणि दुरुस्तीआधी कॉपी का, तेही सांगतो. चेकडिस्कला फायलींपेक्षा हिशोब जुळण्याची काळजी जास्त. ज्या तुकड्यांचा धनी सापडत नाही ते तो उचलून ‘फाऊंड’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘सीएचके’ शेपटाच्या फायली करून टाकतो किंवा मोकळे करून टाकतो. एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या फाईल सिस्टिममध्ये जर्नल असतं, म्हणजे काय करायला घेतलं होतं त्याची नोंद, त्यावरून मागे जाता येतं. एक्सफॅटमध्ये जर्नल नाही. जुन्या फॅट३२ मध्ये निदान फॅटच्या तक्त्याच्या (फाईलचा पुढचा तुकडा कुठे आहे हे सांगणाऱ्या यादीच्या) दोन प्रती असायच्या, इथे नेहमीच्या ड्राइव्हवर एकच असते. फ्लॅशवर लिखाण कमी व्हावं म्हणून हे सगळं हलकं ठेवलंय. पण त्या हलकेपणाची किंमत आपण कॉपी आधी करून भरायची असते.

दाजींचा ड्राइव्ह मी असा दुरुस्त केला. चार दिवस शांतता. पाचव्या दिवशी फोन: “अरे, ते परत आलं बघ.”

आता दुसरा भाग. कोण लावतंय? अंदाज बांधत बसण्यापेक्षा खूण डोळ्यांनी बघता येते, आणि एकदा ते जमलं की सगळं सोपं होतं. एचएक्सडी नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. त्यात डिस्क उघडायचा पर्याय असतो; तिथे आपल्या ड्राइव्हचं अक्षर निवडा आणि ‘रीडओन्ली’ची टिक अजिबात काढू नका. समोर आकड्यांच्या ओळी येतील, एका ओळीत सोळा. पहिल्या ओळीच्या उजवीकडे अक्षरांत एक्सफॅट असं नाव दिसेल, म्हणजे आपण योग्य जागी आहोत. आता सातव्या ओळीतला अकरावा आकडा बघा. तिथे ०० असेल तर ड्राइव्ह स्वच्छ. ०२ असेल तर खूण लागलेली. बस, एवढ्यासाठी तीन पेनड्राइव्ह विकत घेतले आम्ही.

गंमत म्हणून आठव्या ओळीतला पहिला आकडाही बघून ठेवा. ड्राइव्ह किती टक्के भरलाय ते तिथे लिहिलेलं असतं, सोळाच्या (हेक्साडेसिमल) पद्धतीने. पहिल्या सेक्टरांच्या चेकसममधून, म्हणजे मजकूर बिघडलेला नाही ना हे पडताळायच्या बेरजेतून, हे दोन आकडे मुद्दाम वगळलेले आहेत, कारण ते सारखे बदलतात. नाहीतर दर वेळी सगळी बेरीज नव्याने करावी लागली असती.

एक पथ्य: ड्राइव्ह लावल्या लावल्या बघू नका, मिनिटभर थांबा. विंडोज स्वतःच ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फॉर्मेशन’ नावाचं फोल्डर करायला धावतो आणि तेवढ्यापुरती खूण लागलेली दिसू शकते.

मग आम्ही ड्राइव्हच्या प्रवासातली एकेक पायरी घेतली. लॅपटॉपवर फिल्म टाकली, नीट काढला, परत लावून बघितलं: ००. दुसऱ्या एका लॅपटॉपवर तेच केलं: ००. मग हॉल. तिथून परत आला तो ०२ घेऊन.

“दाजी, हॉलमध्ये ड्राइव्ह कोण काढतं?”

“तिथला पोऱ्या काढतो की. पण टीव्ही बंद झाल्यावरच काढतो, मी सांगून ठेवलंय त्याला.”

“बंद म्हणजे रिमोटने?”

“छे, रिमोट कुठे सापडतोय. बोर्डावरून बटण बंद.”

तिथे कोडं सुटलं. आपल्याला वाटतं टीव्ही काय, नुसता वाचतो. पण हा अँड्रॉइडवाला टीव्ही होता, आणि त्याने ड्राइव्ह लावल्याबरोबर आत आपली दोन फोल्डरं करून ठेवली होती. दाजींना ती कधी दिसलीच नव्हती, कारण त्यांचं लक्ष फिल्मच्या फाईलवर. टीव्ही लिहीत होता, आणि लिहिता लिहिता भिंतीवरून त्याची वीज जात होती. तीच गत गाडीच्या म्युझिक सिस्टिमची असू शकते: किल्ली फिरवली की वीज गेली, इजेक्ट वगैरे काही नाही.

यावर उपाय काय? पोऱ्याला शिकवणं हा उपाय नव्हे, दर महिन्याला पोऱ्या नवा असतो. आम्ही दोन गोष्टी केल्या. एक, टीव्हीसाठी वेगळा ड्राइव्ह ठेवला, त्यावर फक्त दाखवायची प्रत. त्याला खूण लागली काय, नाही लागली काय, फॉर्मॅट करून टाकायचा. दोन, जिथे जमेल तिथे पेनड्राइव्हऐवजी मोठं एसडी कार्ड आणि यूएसबी कार्ड रीडर. एसडी कार्डाच्या बाजूला एक इवलीशी सरकपट्टी असते, ‘लॉक’ लिहिलेली. ती खाली ओढली की रीडर यंत्राला सांगतो, इथे लिहायचं नाही. लिखाणच नाही तर खूणही नाही. पण ध्यानात घ्या, ही पट्टी फक्त सांगकामी आहे. तिचं ऐकायचं की नाही हे रीडरवर अवलंबून. घरी एकदा पट्टी लावून फाईल टाकून बघा. टाकता आली तर तो रीडर निरुपयोगी.

कुणी म्हणेल, टीव्हीसाठी सरळ फॅट३२ का नाही? जुन्या टीव्हीला तर एक्सफॅट वाचताही येत नाही. बरोबर आहे. एक्सफॅट २००६ साली विंडोज एम्बेडेड सीई ६.० बरोबर आलं, घरच्या संगणकांवर व्हिस्टाच्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून, मॅकवर २०१० साली १०.६.५ पासून. ते वापरायला परवाना घ्यावा लागे, म्हणून स्वस्त टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर बनवणाऱ्यांनी ते टाळलं. अशा टीव्हीला फॅट३२ लागतं, पण तिथे एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही, नेमकं सांगायचं तर ४,२९,४९,६७,२९५ बाइट्स. अडीच तासांची लग्नाची फिल्म त्यात कशी बसणार? दाजी तेव्हा तिचे हळद, लग्न, रिसेप्शन असे तीन तुकडे करतात. चालतं, पण मध्ये टीव्हीवर मेनू दिसतो आणि पाहुणे कुजबुजतात.

आता काही उलटसुलट सल्ले, जे तुम्हाला कुणीतरी देणारच.

पहिला: विंडोजमधली ‘शेल हार्डवेअर डिटेक्शन’ ही सर्व्हिस बंद करा, सूचना येणार नाही. खरंच येत नाही. ताप मोजायचा थर्मामीटर कपाटात ठेवला की तापही दिसत नाही. हे करू नका.

दुसरा: आता इजेक्ट करायची गरजच नाही. याला थोडा आधार आहे. २०१८ च्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हे मूळ धोरण झालं, म्हणजे लिहायचं ते साठवून न ठेवता लगेच लिहिलं जातं. पण चालू लिखाणाच्या मध्येच काढला तर क्विक रिमूव्हल काय करणार? आणि कॉपीची खिडकी मिटली म्हणजे अँटिव्हायरस वगैरे मंडळींचंही काम संपलं असं नाही. मी इजेक्ट करतो.

लिनक्सवाल्यांना तर ही सवय हवीच. तिथे कॉपीची पट्टी शंभर टक्क्यांवर जाते तेव्हा फाईलचा बराच भाग अजून रॅममध्ये असू शकतो, ड्राइव्हवर हळूहळू उतरत असतो. इजेक्ट दाबल्यावर दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं, ते यामुळेच. दिवा लुकलुकतोय तोवर हात लावू नका. खूण लागलेला ड्राइव्ह लावला की कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये मागच्या वेळी नीट अनमाउंट झालं नसल्याची ओळ येते. एक्सफॅटप्रॉग्ज या पॅकेजमधलं तपासणीचं अवजार चालवलं की काम होतं. कर्नलमध्ये एक्सफॅट ५.४ पासून आहे, आणि ५.७ पासून सॅमसंगने दिलेला चांगला ड्रायव्हर. त्याआधीच्या जुन्या यंत्रावर असाल तर दुरुस्ती विंडोजवर केलेली बरी.

तिसरा सल्ला: फॉर्मॅट मारा. मारा की, पण कॉपी झाल्यावर. आणि सूचना बदलून ‘वापरण्याआधी डिस्क फॉर्मॅट करावी लागेल’ अशी झाली असेल तर मुळीच मारू नका. याचा अर्थ बहुतेक वेळा पहिला बूट सेक्टर, म्हणजे ड्राइव्हची मूळ माहिती असलेला पहिलाच सेक्टर, वाचता येत नाहीये. एक्सफॅटमध्ये या भागाची दुसरी प्रत लगेच पुढे असते: पहिला संच ० ते ११ सेक्टरमध्ये, दुसरा १२ ते २३ मध्ये. टेस्टडिस्क या मोफत अवजाराने दुसऱ्या प्रतीवरून पहिली उभी करता येते. माल मोलाचा असेल तर आधी अख्ख्या ड्राइव्हची इमेज (हुबेहूब नक्कल) काढून त्या इमेजवर प्रयोग करा.

चुकून डिलीट झालेल्या फिल्मबद्दलही दिलासा आहे. एक्सफॅट फाईल काढतं म्हणजे नोंदीवरचा ‘वापरात आहे’ हा एक बिट उतरवतं आणि बोर्डावर किल्ली परत लावतं. फाईल कुठे सुरू होते आणि किती लांब, हे तसंच राहतं. सलग लिहिलेल्या फाईलसाठी तर फॅटची साखळीही लागत नाही, आणि नव्या कार्डावर कॅमेऱ्याची फाईल बहुधा सलगच असते. म्हणून लगेच हात आखडता घेतला तर ती सहसा अख्खी परत मिळते. त्या कार्डावर एकही नवा फोटो मात्र काढायचा नाही.

सगळं करूनही दुरुस्तीनंतर लगेच, कुठेही न नेता, सातव्या ओळीत ०२ दिसत असेल तर मग खरोखर ड्राइव्हवर संशय घ्या. दोन शक्यता. फ्लॅश झिजली की काही ड्राइव्ह स्वतःला फक्त वाचण्यापुरतं करून टाकतात. चेकडिस्क खूण पुसायला जातो, पण लिहिलंच जात नाही. त्यातलं काढून घ्या आणि निरोप द्या. दुसरी शक्यता बनावट क्षमतेची: आत १६ जीबीची चिप, वर छापलेलं २५६. विंडोजला तो २५६ च सांगतो आणि सुरुवातीला चालतोही छान. खरी जागा संपली की पुढचं लिखाण हवेत जातं किंवा फिरून सुरुवातीवर येतं, आणि सुरुवातीलाच तर फॅट आणि बिटमॅप बसलेले असतात. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्स-मॅकवर एफथ्री, दोन्ही मोफत. ड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचून बघतात. मोठ्या ड्राइव्हला कित्येक तास लागतात, रात्री लावून झोपा. नवा ड्राइव्ह घेतला की मी आता हे आधी करतो.

मॅकवरची गोष्ट वेगळी दिसते, मूळ तेच. खूण लागलेला ड्राइव्ह मॅकला लावला की सूचनाच येत नाही; ड्राइव्हही येत नाही. लोक म्हणतात, मॅकने ड्राइव्ह खाल्ला. ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडा, तिथे एफएससीके-एक्सफॅट (fsck_exfat) नावाची प्रक्रिया चाललेली दिसेल. मॅक गुपचूप तपासणी करतोय. छोटा पेनड्राइव्ह दोन मिनिटांत येतो, दोन टीबीची भरलेली डिस्क फार वेळ घेऊ शकते. त्या वेळी कंटाळून केबल उपटली की पुढच्या वेळी परत पहिल्यापासून. चहा प्या.

मॅकवरून आलेल्या ड्राइव्हची आणखी एक तक्रार टीव्हीवर हमखास येते: प्रत्येक गाणं दोनदा दिसतं, त्यातलं एक वाजत नाही. न वाजणाऱ्याच्या नावाआधी टिंब आणि खालची रेघ असते. मॅकला आपली जादा माहिती ठेवायला एक्सफॅटमध्ये जागा नसते, म्हणून तो ती अशा जोडफाईलमध्ये ठेवतो. असते चार केबीची, पण ३२ जीबीच्या वरच्या ड्राइव्हवर विंडोजने केलेल्या फॉर्मॅटमध्ये क्लस्टर १२८ केबीचा असतो, म्हणून तेवढी जागा अडवते. टीव्हीवर न्यायच्या आधी विंडोजमध्ये लपलेल्या फायली दाखवायचा पर्याय चालू करून ती खुशाल डिलीट करा, फक्त आकार बघून: खरं गाणं काही एमबींचं असतं.